झोतभट्टीवरून निवृत्त झालेल्या घरमालकांना खुले पत्र

मा. घरमालक,
जुनवानी, भिलाई



तुमचं नाव या पत्रात घातलेलं नाही. तुमच्यासारखे खोल्या बांधून भाड्याने देणारे आणखीही आहेत. त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं.

तुम्ही सहा खोल्या बांधल्यात. दहा बाय दहाची एकेक खोली. पुढे पत्र्याचं दार, मागे भिंत, वर स्लॅब. मागच्या भिंतीत छताजवळ गवंड्याने जाळीच्या विटा लावल्या होत्या. शेजारच्या प्लॉटमधून धूळ येते म्हणून तुम्ही त्या सिमेंटने बुजवून घेतल्यात. त्याच भिंतीला लागून भाडेकरूंची चूल. अंगणात चूल मांडायला तुमची बंदी, कारण बाहेरचा रंग काळा पडतो. अंगणात तुमच्या गाडीसाठी शेड मात्र आहे. पत्र्याची, चारी बाजूंनी मोकळी, भरपूर वारा खेळेल अशी. गाडीला श्वास घ्यावा लागत नाही, तरी तिला हवा आहे. आतल्या बाईला आणि तिच्या लेकरांना ती नाही.

हे एखाद्या अडाण्याने केलं असतं तर त्याला बसून समजावलं असतं. तुम्ही भिलाई स्टील प्लांटच्या झोतभट्टीवर नोकरी केलीत. या गावाचा जन्मच भट्टीतून झाला. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून आग कशी पाळायची हे शिकवणारं गाव म्हणून भिलाई ओळखलं जातं. भट्टीत हवा किती जाते, किती तापलेली जाते, वरून निघणारा वायू कुठे नेऊन जाळला जातो, आत पडणाऱ्या कोकमध्ये ओलावा किती, यावर पाळीपाळीने माणसं डोळ्यात तेल घालून बसतात. तुम्हीही बसलात. भट्टीचं शास्त्र आणि चुलीचं शास्त्र एकच आहे: कोरडं जळण, खालून हवा, वरून वाट. कारखान्यात ज्याच्यासाठी पगार घेतलात, ते घरी आल्यावर विसरलात असं मी मानत नाही. तुम्ही ते खर्चात धरलं नाहीत, एवढंच.

संध्याकाळी सहाला कडेच्या खोलीत एकदा येऊन बसा. उभं राहू नका, चुलीपुढे उकिडवे बसा. बाभळीचा ओंडका चुलीच्या तोंडात कोंबलेला असतो, त्याच्या बाहेरच्या टोकाला फेस येत असतो आणि त्यातून सूंऽऽ असा आवाज येत असतो. ते लाकडातलं पाणी. बाई वायरिंगच्या पाइपच्या तुकड्याची फुंकणी करून फुंकते, जाळ क्षणभर उठतो, फुंकणं थांबलं की पुन्हा धूर. धूर आधी स्लॅबला लागतो, पसरतो, मग थराथराने खाली उतरतो. छातीपर्यंत उतरला की तिची मुलगी वही घेऊन दारात जाते, कारण हवा फक्त उंबऱ्यापाशी असते. भात होईपर्यंत ती तिथेच. आई मात्र आत. पाठीला बांधलेलं लहान पोर आईबरोबर आत.

त्या ओल्या बाभळीचा हिशेब तुम्हाला मांडून देतो, कारण तीही तुम्हीच विकता. प्लॉट साफ करताना तोडलेली झाडं, पंधरा दिवसांत किलोवर तोलून भाडेकरूंच्या दारात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. म्हणजे दिवसभर विटा वाहून आलेली बाई तुम्हाला सरपणाचे पैसे देते आणि त्यातले निम्मे पाण्याचे देते. वर ते पाणी उडवायला उरलेल्या लाकडातली उष्णता जाते. किलोभर ओल्या लाकडातून, नीट वाळलेल्या किलोच्या निम्मीच उष्णता पदरात पडते, कधी त्याहूनही कमी. शिवाय जाळ थंड राहतो. थंड जाळात लाकडातले वायू पूर्ण जळत नाहीत, तेच धूर होऊन डोळ्यांत आणि छातीत जातात आणि जळण्याजोगं असूनही वाया जातात. धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे तुमच्या पहिल्या प्रशिक्षणात शिकवलेलं असणार.

लाकूड वाळवायला खर्च नाही, जागा लागते. मनगटाएवढे किंवा त्याहून बारीक ढलपे फोडायचे, विटांवर फळ्या टाकून जमिनीपासून वर रचायचे, मधे फटी ठेवायच्या, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीने चारी बाजूंनी गुंडाळून ठेवलं तर आतल्या आत बुरशी येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हाचा एक हंगाम मिळाला तर ओलावा पंधरा-वीस टक्क्यांवर येतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडतात, साल सुटते, दोन ढलपे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओले धप वाजतात. पावसाळ्याचं सरपण उन्हाळ्यात भरायचं असतं हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पण ठेवायचं कुठे? अंगण तुमचं, गच्चीला कुलूप तुमचं.

ओलं लाकूड पेटत नाही म्हणून मग ती पॉलिथिनची पिशवी पेटवते, औद्योगिक क्षेत्रातून आलेल्या खोक्यांच्या रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवुडचे तुकडे घालते. त्यातून निघणारा धूर लाकडाच्या धुराहून वाईट, आणि तो त्याच बंद खोलीत. तुम्ही तिला यावरून बोललात, तेही सगळ्यांसमोर. सुकं जळण मिळालं असतं तर तिने प्लास्टिकला हात लावला नसता.

आता गेल्या हिवाळ्याचं. जुनवानीच्या रात्री थंडीने पाय आखडतात, आणि छत्तीसगढी घरांत गोरसी पेटवतात. मातीच्या त्या भांड्यात निखारे घेऊन, दार लावून, तुमच्या तिसऱ्या खोलीत आई आणि दोन मुलं झोपली. पहाटे शेजारणीने दार वाजवलं, उत्तर नाही. दोघा-तिघांनी धक्का देऊन कडी तोडली. मुलं ओकत होती, आईला उभं राहता येत नव्हतं, डोकं फुटतंय म्हणत होती. उघड्यावर आणल्यावर तासाभराने सावरली. वाचली. तुम्ही आलात, पाहिलंत आणि म्हणालात, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.

मालक, तुम्ही हे म्हणावं? झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, आणि सुरुवात डोकेदुखी, मळमळ, गुंगी यांनीच होते: हे तुमच्या नोकरीत भिंतीवर लिहिलेलं असतं. तो मोजायचं यंत्र अंगावर लावून तुम्ही आत जात होतात. 12 जून 2014 ला याच कारखान्यात पंप हाउसजवळ भट्टीचा वायू गळला आणि सहा माणसं गेली, वरिष्ठ अधिकारी धरून. अख्खं भिलाई हळहळलं होतं. तोच कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतून निघतो. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात, आणि तिथेच घात होतो. त्या मायलेकरांना काय झालं हे त्या अंगणात एकट्या तुम्हाला ओळखता आलं असतं. तुम्ही ओळखलंत आणि गप्प बसलात, असं मला वाटतं. कारण ओळखलं असं कबूल केलं असतं तर जाळीच्या विटा पुन्हा उघडाव्या लागल्या असत्या.

तुमचं एक बोलणं मी अनेकदा ऐकलंय: आमच्या आईने जन्मभर चुलीवर केलं, तिला काही झालं नाही. तुमच्या आईचं घर आठवा. वर कवेलू होते. त्यांच्या फटीफटीतून धूर निघायचा. पहाटे गावाकडे पाहिलं तर छपरंच धुमसताना दिसायची. रांधायची जागा उंच आढ्याखाली किंवा पडवीला. तुम्ही चूल तीच ठेवलीत आणि वर सिमेंटचं झाकण घातलंत. शिवाय त्या पिढीला काही झालं नाही हेही खरं नाही. म्हातारपणीची धाप, डोळ्यांतला मोतीबिंदू, लहानपणीच गेलेली भावंडं, यांचा चुलीशी संबंध तेव्हा कुणी जोडत नव्हतं. घरातल्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मेडिकल कॉलेज जुनवानीतच आहे. तिथल्या छातीच्या विभागाच्या ओपीडीत बसलेल्या बायकांना त्या स्वयंपाक कशावर करतात ते विचारा.

आणि हे ज्ञान परदेशातून यायची वाट पाहावी लागली असंही नाही. आपल्याच वर्ध्याला, मगनवाडीत, 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या त्या संस्थेतून धुराडं असलेली मगन चूल निघाली. तेव्हा वर्धा आणि आपलं दुर्ग एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर. पुढे 1980 च्या दशकात केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला, महाराष्ट्रात नंतर पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने त्यात चुलींवर काम केलं, कुंभार आणि कारागीर तयार केले. त्या मोहिमेतल्या कितीतरी चुली बंद पडल्या, कारण बसवून माणसं निघून गेली आणि धुराडं कुणी साफ करायचं हे कुणी ठरवलं नाही. म्हणून तुमच्याकडे नुसतं धुराडं मागत नाही, त्याची निगाही मागतोय.

साधी उघडी चूल लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा जेमतेम भांड्याला देते. भारतीय मानकाप्रमाणे, पंखा नसलेल्या सुधारित चुलीने किमान 25 टक्के दिली पाहिजे. हा फरक कुठून येतो? चुलीच्या तळाला लोखंडी जाळी असली की हवा निखाऱ्याखालून वर येते, राख खाली पडते. तोंडात ओंडका कोंबण्याऐवजी दोन-तीन ढलपे टोकाला टोक लावून जाळले आणि जळेल तसे आत सरकवले की जाळ पिवळा, स्वच्छ राहतो. भांडं चुलीच्या तोंडावर नीट बसलं, बाजूने बोटभर फटच राहिली, तर जाळ भांड्याला घासून जातो. वर झाकण, डाळ आधी भिजवलेली. हे बायका करतीलच. जाळी कुठे मिळते ते विचारायला दोघी माझ्याकडे येऊन गेल्या आहेत. छताला भोक पाडणं मात्र त्यांच्या हातात नाही.

दहा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा किंवा भाजक्या मातीचा पाइप, सरळ उभा, छताच्या वर किमान दोन-तीन फूट, डोक्यावर पावसाची टोपी. जुना अॅस्बेस्टॉसचा पाइप लावू नका, तो तुमच्या मागच्या आवारात पडलाय ते मी पाहिलंय. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर बाहेर निघत नाहीत. आडवा पाइप भिंतीतून काढला तर ओढ लागत नाही, उलट धूर घरात येतो. स्लॅबमधून जाताना भोवती मातीची खोळ, आणि प्लास्टिकची फॉल्स सीलिंग, वायर, दोरी काही जवळ नको. महिन्यातून एकदा दोरीला चिंध्या आणि विटेचा तुकडा बांधून वरून ओढून काजळी काढायची, कारण ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते आणि एखाद्या दिवशी आतच पेट घेते. ते काम वरून करायचं, म्हणजे गच्चीच्या कुलपाची किल्ली लागेल.

गॅस का घेत नाहीत, असं विचारू नका. उज्ज्वला योजना 1 मे 2016 पासून आहे. भाडेकरूंपैकी काहींच्या गावाकडच्या घरी सिलिंडर आहेसुद्धा. इथल्या पत्त्यावर जोडणीसाठी बाकीच्यांनी तुमच्याकडे भाडेपावती मागितली, तुम्ही दिली नाहीत. ऑगस्ट 2021 पासून उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांचं स्वयंघोषणापत्र चालतं, त्यामुळे तुमची पावती नसली तरी त्यांची वाट अडणार नाही. आम्ही अर्ज भरून देतोय. पण जोडणी आली तरी महिनाअखेर सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की चूल पेटणारच. तेव्हा खोलीला हवा लागेल, गॅस असो वा नसो.

गवंडी ठरला आहे. पाइपचे आणि सिमेंटचे पैसे भाडेकरू आणि आम्ही शेजारी मिळून देतोय, तुमच्याकडे एक रुपयाही मागत नाही. जाळीच्या विटा उघडणं, स्लॅबला सहा भोकं, अंगणाच्या कोपऱ्यात लाकडं रचायला पत्र्याचा आडोसा, आणि उन्हाळ्यात बाहेर चूल मांडायची मुभा: एवढ्याला तुमची लेखी परवानगी हवी. कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या आत हवी. रविवारी सकाळी गवंडी शिडी घेऊन दारात येईल, तेव्हा गच्चीची किल्ली घेऊन तुम्ही स्वतः या, आणि तिसऱ्या खोलीपासून सुरुवात करा.

आपला,
जुनवानीतला एक शेजारी