वणेच्या पल्याडून हिंगणघाट

शहराचा फोटो काढायचा तर आधी शहराबाहेर पडावं लागतं. मॅनहॅटनचे मनोरे बघायला लोक ईस्ट रिव्हर ओलांडून ब्रुकलिनच्या काठावर जातात. हे शास्त्र पाठ करून पुण्याचा एक हौशी छायाचित्रकार पावसाळा सरताच हिंगणघाटला उतरला. रिक्षावाल्याला म्हणाला, "वणा नदीच्या पलीकडे सोडा. जिथं चिटपाखरू नसेल तिथं."

एकटा माणूस, नदी, सांजवेळ. रिक्षावाल्यानं आरशातून त्याला नीट न्याहाळलं. "घरी समदं ठीक हाय ना भाऊ?"

पैलतीरावरून शहर दिसलं ते आडवं. पाण्याची टाकी, मोबाइलचे टॉवर, कळस, झाडं आणि त्यांच्यामध्ये भरपूर आभाळ. या गावाचं नाव उंचीमुळे कधी गाजलंच नाही. गाजलं ते कापसानं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' ही कापसाची जातच होती. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि साहेबाला वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीची फारच ओढ लागली.

क्षितिजाकडे डोळे लावून इथं आलेला हा छायाचित्रकार पहिला माणूसही नव्हे. 1802 मध्ये मद्रासहून भारताची मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरकडे निघाला आणि जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटातच वारला. त्याची कबर इथंच आहे. त्याचा कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. तंजावरला तो देवळाच्या गोपुरावर चढवताना आपटला होता. लॅम्ब्टनच्या जागी आलेल्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळालं. लॅम्ब्टनला मिळालं हिंगणघाट. पुणेकराचा ट्रायपॉड दोन किलोचा, तरी घाटावरून उतरवताना त्याचा चेहरा अर्ध्या टनाचा झाला होता.

सूर्यास्तानंतरच्या निळाईचा 'ब्लू अवर' हा नावापुरताच तास. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळच बुडतो, त्यामुळे निळाई वीसेक मिनिटांत आटोपते. पाणी गुळगुळीत दिसावं म्हणून शटर दहा सेकंद उघडं ठेवावं लागतं. म्हशींना हे कोणी सांगितलं नव्हतं. फोटोत त्या पावसाळी ढगांसारख्या उमटल्या.

"कायचा फोटो काढून राह्यले?" म्हशीवाल्यानं विचारलं.

"शहराचा."

"शहर तं तिकडं हाय!"

"म्हणूनच इकडून."

उंच इमारती पाहिजे असतील तं नागपूरले जा, असा सल्ला देऊन त्यानं पडद्यावरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. टाकी ओळखली, कळस ओळखला. मग कपाळाला आठी. "माहं घर कुठी हाय यात?"

घर झाडाआड गेलं होतं. तोवर काठावर आणखी चौघं जमले होते, आणि चौघांचीही घरं निरनिराळ्या दिशांना होती. ट्रायपॉड आधी डावीकडे सरकला, मग उजवीकडे, मग एका दगडावर चढला. निळाई केव्हाच संपली होती, पण पाचव्याचं घर अजून राहिलंच होतं.