हात मागे, हात पुढे

आमच्या भागातल्या छोट्या कलादालनात खोली एकच. त्यामुळे एका आठवड्यात भिंतींवर तैलरंगातले घाट आणि नद्या असतात, तर पुढच्या आठवड्यात त्याच खिळ्यांवर पैठण्या, इरकल आणि खण. दिवे तेच, दाराशी ठेवलेली अभिप्रायाची वहीही तीच. बदलतात ते माणसांचे हात. चित्रांच्या आठवड्यात उंबरा ओलांडला, की हात आपोआप पाठीमागे जाऊन एकमेकांना धरतात आणि भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखा चालू लागतो. चित्रापुढे थांबायचं, मान किंचित तिरकी करायची, दोन पावलं मागे सरायचं आणि 'हं' म्हणायचं. हा 'हं' मोठा सोयीचा आहे. त्यात कौतुकही मावतं आणि काहीच न कळल्याचं दुःखही.

कापडांच्या आठवड्यात तेच हात सुटतात. पोत डोळ्यांना कळतो यावर तिथे कुणाचाच विश्वास नसतो. काठ चिमटीत चोळला जातो, पदर खांद्यावर पडतो, नवऱ्याला 'जरा लांबून बघा' असा हुकूम होतो. आणि मग साडी उलटी केली जाते. पैठणीचा खरा निकाल या मागच्या बाजूवर लागतो. येवल्याचा विणकर पदरावरचा मोर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या तिल्ल्यांनी, धाग्यात धागा अडकवत हातानं भरतो, म्हणून मागूनही मोर मोरच दिसतो. यंत्रावरच्या मोराला पाठीमागून सुट्या धाग्यांची दाढी फुटलेली असते. ती दाढी हुडकून काढणाऱ्या बायका बघाव्यात. इतक्या बारकाईनं कुठल्याही समीक्षकानं चित्र पाहिल्याचं मला आठवत नाही.

खरं तर कॅनव्हास म्हणजे तरी काय? चौकटीवर ताणून बसवलेलं सुती नाहीतर लिननचं कापडच की! पण त्यावर रंग चढला आणि ते सोवळ्यात गेलं.

पूर्वी एवढं सोवळं नव्हतं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला हलला आणि दरबारी दिमाखातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. आल्या त्या मात्र छापील साड्या नेसून. देवीनं कागदी साडीवर दिवस काढावेत हे काही घरांत पटलं नाही. तिथे त्या चित्रांवर खरी जर, टिकल्या आणि रेशमाचे तुकडे चढले. माझ्या आजोळी माजघरात अशी एक लक्ष्मी होती. तिचा चेहरा रविवर्म्याचा आणि काठ आजीच्या फाटलेल्या शालूचा. एवढ्या थोर चित्रकाराच्या चित्रात आपण ढवळाढवळ करतोय, असं आजीच्या मनात कधी आलं नसावं. तिनं फक्त माहेरी आलेल्या बाईला नीट नेसवलं होतं.

चित्रातही कापड बघणारी अशी नजर सहजी जात नाही. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र आहे. ज्योतीवर हात आडवा धरलेला, बोटांमधून लालसर उजेड झिरपतोय. कितीतरी लोक ते रविवर्म्याचंच समजतात. आम्ही ते बघायला गेलो, तेव्हा त्या उजेडापुढे आमचा सगळा घोळका गप्प झाला होता. तेवढ्यात शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "पण साडीची चुणी बघितलीत का, किती खरी पडलीय!" मला वाटतं, त्या दिवशी चित्र नीट पाहिलं ते काकूंनीच. कापडाचा पडणं हा स्वभाव कागदावर, तोही जलरंगात उतरवणं किती कठीण, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

आदर वाईट नाही, पण तो फार लांब उभा राहतो. साडीची किंमत आपण खणखणीत आवाजात विचारतो आणि महाग वाटली तर तसं तोंडावर सांगतो. चित्राची किंमत मात्र कोपऱ्यातल्या यादीत चोरून वाचायची आणि यादी हळूच जागेवर ठेवून द्यायची. चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागावी म्हणून बिचारा चित्रकार दिवसभर खुर्चीवर बसलेला असतो आणि आपण त्याच्याकडे न बघता बाहेर पडतो.

तुमच्या गावात असं कलादालन असेल, तर आत जा. चित्राला हात लावू नका, तो नियम योग्यच आहे. पण खुर्चीवरच्या त्या माणसाला विचारा, हा निळा कुठून आणला, किती दिवस लागले आणि केवढ्याला देणार. घासाघीस केलीत तरी चालेल. 'हं'पेक्षा त्याला ती नक्की आवडेल.