आधी जिल्हा निवडा

तहसील कार्यालयाच्या आवारात मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले आणि चहाच्या टपऱ्या यांच्या आधाराने जे समाजघटक नांदतात, त्यांत ‘ऑपरेटर’ हा तुलनेने अलीकडचा, परंतु अधिकाराने कोणाहूनही कमी नसलेला घटक होय. बीड जिल्ह्यात याचा एक प्रगत पोटप्रकार आढळतो, जो केवळ अर्ज भरत नाही, तर कार्यालयातील माहिती भरण्याचे फॉर्म स्वतः बनवतो, आणि माणसाच्या हाती कळफलक देऊ नये, यादी द्यावी, या सिद्धान्तावर ज्याची निष्ठा कुलदैवतावरील निष्ठेच्या खालोखाल असते. त्याला येथे सोयीसाठी यादीबहाद्दर म्हटले आहे.

त्याची खास विद्या म्हणजे परावलंबी यादी. वरच्या रकान्यात जे निवडले जाईल, त्यावर खालच्या रकान्यात कोणते पर्याय उघडावेत हे ठरते, अशा ड्रॉपडाऊन यादीला ही संज्ञा लावता येईल; म्हणजे जिल्हा बीड निवडला की आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंतचे 11 तालुके तेवढे दिसावेत, आणि केज निवडला की केजचीच गावे दिसावीत. ही व्यवस्था चैनीची नव्हे. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर आहे. आष्टी नावाचा तालुका बीडप्रमाणेच वर्धा जिल्ह्यातही आहे. तेव्हा मोकळ्या रकान्यात कोणी ‘शिरूर’ एवढेच लिहून निघून गेला, तर त्याचा अर्ज कोणत्या नदीकाठी लागेल हे सांगणे कठीण.

यादीबहाद्दराचे शिक्षण बहुधा एक्सेलमध्ये झालेले असते. तेथे प्रत्येक तालुक्याच्या गावांच्या पट्ट्याला तालुक्याचे नाव द्यायचे आणि ‘इनडायरेक्ट’ या सूत्राने, म्हणजे एका चौकटीत लिहिलेल्या नावाचा पट्टा शोधून आणणाऱ्या सूत्राने, तो पट्टा दुसऱ्या चौकटीत उघडायचा, अशी रीत आहे. परंतु पट्ट्याच्या नावात मोकळी जागा चालत नसल्यामुळे शिरूर आणि कासार यांच्यामध्ये आडवी रेघ घालावी लागते, आणि यादीबहाद्दराला तिची इतकी सवय होते की लग्नपत्रिकेच्या पाकिटावरही तो पाहुण्यांचा तालुका तसाच लिहितो. पुढे तो अ‍ॅक्सेसकडे वळतो. तेथे गावांच्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे त्याच्या तालुक्याचा संकेतांक असतो, आणि वरची निवड बदलताच खालची यादी नव्याने मागवायची असते. या जागी नवशिका हमखास घसरतो. यादी नवी मागवतो, पण आधी निवडलेले मूल्य पुसायचे विसरतो. मग चुकून पुणे निवडून नंतर बीड केलेल्या अर्जात जिल्हा बीड आणि तालुका हवेली असा संकर जन्माला येतो. यादीच्या माथ्यावरचा ‘निवडा’ हा शब्द तसाच जमा होऊ दिला, तर निवडा नावाचे एक गाव अहवालात वस्ती करते आणि बघता बघता लाभार्थ्यांच्या संख्येत परळीच्याही पुढे जाते. यादीबहाद्दर या दोन्ही चुका इतरांच्या फॉर्ममध्ये शोधून काढतो आणि त्यांवर महिनाभर बोलतो.

त्याची परीक्षा मात्र पडद्यासमोर नव्हे, पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसासमोर होते. “आबा, आधी जिल्हा सांगा,” असे त्याने म्हणावे आणि “आरं लेकरा, बीडात बसून जिल्हा इचारायलास व्हय?” असे उत्तर यावे, हा नित्याचा प्रकार. वास्तविक आबांनाही ही पद्धत परकी नाही. सोयरिकीच्या बैठकीत गाव कोणते, आडनाव काय, भावकी कोणती, मामा कुठले, हे प्रश्न याच क्रमाने येतात, आणि पहिल्याचे उत्तर पटल्याखेरीज दुसरा उघडत नाही. त्यामुळे परावलंबी यादीचा शोध ऑपरेटरने लावला हे मत फारसे टिकणारे नाही.

खरी पंचाईत दसरा-दिवाळीनंतर होते. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ होतो, आणि हा कोयता कारखान्याच्या हंगामाप्रमाणे उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो. अशा माणसाने फोनवरून सध्याचा पत्ता सांगितला, की यादीबहाद्दराचे राज्य संपते, कारण त्याने पहिल्या रकान्यात महाराष्ट्र कायमचे बसवलेले असते आणि त्याखाली बेळगाव उघडत नाही. ‘इतर’ हा पर्याय ठेवावा, तर त्याखालच्या मोकळ्या चौकटीत लोक एकाच तालुक्याची चार रूपे लिहितात. म्हणून तो ‘इतर’ ठेवत नाही आणि कोपीतल्या माणसाला कुलूप लावलेल्या घराचा पत्ता देऊन मोकळा होतो. फॉर्म निर्दोष भरला जातो, माहिती तेवढी चुकीची असते.

नावापेक्षा संकेतांकावर त्याची श्रद्धा अधिक, आणि येथे मात्र त्याचे म्हणणे मानलेच पाहिजे. बीड जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मोमिनाबादचे अंबाजोगाई झाले, आणि 2023 मध्ये विभागाचे नावही औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. वरचा रकाना इतक्यांदा बदलूनही खालची गावे पुसली गेली नाहीत, ही बाब कोणाही फॉर्म बनवणाऱ्याला हेवा वाटावा अशी आहे. ज्यांनी तक्ते नावांनी जोडले होते, त्यांना नामांतराच्या वेळी ते पुन्हा जोडत बसावे लागले. ज्यांनी 2011 च्या जनगणनेतील महाराष्ट्राचा 27 आणि बीडचा 523 हे संकेतांक वापरले होते, त्यांना नावाचा एकेक शब्द बदलून चहाला जाता आले.

पीक विमा असो वा सातबारा, वाचकांनी एवढे करावे: वरचा रकाना दुरुस्त केला असेल, तर ‘जमा करा’ दाबण्यापूर्वी आपला तालुका आणि गाव पुन्हा वाचून पाहावे. फॉर्म बनवणारा प्रत्येक वेळी यादीबहाद्दर असतोच असे नाही.