'ग्रँडिओज' वापरण्याची सोपी पद्धत (वऱ्हाड आवृत्ती)

सर्वप्रथम, 'ग्रँडिओज' हा 'ग्रँड'चा थोरला भाऊ नव्हे. ग्रँड, ग्रँडर, ग्रँडिओज अशी चढण कुठल्याच व्याकरणात नाही. इटलीहून फ्रान्समार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द वरून कौतुकाचा दिसतो, पण बहुतेक वेळा तो टोमणा असतो. त्यामुळे लग्नपत्रिकेवर 'ग्रँडिओज रिसेप्शन' छापण्याआधी व्याह्यांकडे कोणी इंग्रजीचा मास्तर आहे का, याची चौकशी करून घ्यावी.

शब्द कुठे लावायचा हे ओळखण्याची रीत अशी: समोरच्या गोष्टीतला भपका वजा करा आणि खाली काय उरतं ते बघा. काही उरलं, तर 'ग्रँड' म्हणून पुढे चला. नुसता मांडव उरला, तर 'ग्रँडिओज' लावायला हरकत नाही.

सरावासाठी अमरावती-अकोला रस्ता घ्या. जून 2022 मध्ये इथे 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. ऐकताच हा शब्द जिभेवर येतो. थांबा, वजाबाकी करा. हे 75 किलोमीटर एका लेनचे. दोन लेनच्या हिशेबानं साडेसदतीस. तरी त्याआधीचा दोह्याचा विक्रम पंचवीस किलोमीटरच्या आसपासचा होता आणि त्याला दहा दिवस लागले होते. म्हणजे उरलं की! शिवाय आधी वर्षानुवर्षं याच रस्त्यानं लोकांच्या मणक्यांची मोजदाद केलेली. इथे शब्द खिशातच ठेवा.

अकोल्याची कावड ही जरा अवघड परीक्षा. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला घालतात. एकेका कावडीला शेकड्यानं भरणे (पाण्याचे घडे), पुढे ढोल, मागे आरोळ्या. नवशिका इथे हमखास चुकतो. पण भरण्यांत खरंच पाणी असतं आणि बांबूखाली खरेच खांदे असतात. रात्रभर चाललेल्या माणसाला शब्दकोश दाखवू नये. चौकात कावडीपेक्षा रुंद स्वागतफलक आणि त्यावर स्वागत करणाऱ्यांचेच चाळीस चेहरे दिसले, तर तिथे बिनधास्त लावा.

पुढचा धडा अमरावतीकरांनी मनातल्या मनात वाचावा. गावाचं जुनं नाव उदुंबरावती सांगतात, म्हणजे उंबरांचं गाव. तिथून घसरत घसरत आपण थेट इंद्राच्या राजधानीत येऊन पोचलो. उन्हाळ्यात भरदुपारी राजकमल चौकात उभं राहून 'इंद्रपुरी' म्हणून पाहा, शब्दाचा अर्थ घामासकट उतरेल. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' हेही त्याच वहीत लिहून ठेवा. सोन्याच्या कुऱ्हाडीनं लाकूड तुटतं का, हे मात्र कापूस विकून आलेल्या माणसाला विचारू नये. विशेषतः भाव पडलेल्या वर्षी.

बोलताना हा शब्द तोंडावर फेकू नये. घरच्या माणसाला 'लय हवा करून रायला बाप्पा' एवढं पुरतं, त्याला राग येत नाही आणि अर्थही तोच पोचतो. इंग्रजी शब्द पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवावा.

प्रात्यक्षिकासाठी फ्लेक्सच्या दुकानासारखी शाळा नाही. इथे 'भव्य' मोफत मिळतो, पैसे चौरस फुटाचे. 'भव्य मोफत मोतीबिंदू तपासणी शिबिर' यात नेमकं काय भव्य, हे संगणकावरच्या पोराला विचारू नये. तो फक्त अक्षरांना पिवळा रंग आणि लाल कड देतो. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत राहावं.

"भाऊ, भव्य जरासा मोठा कर ना."

"करतो, पण मंग साहेबाचा फोटो बारीक होते."

"मंग राहू दे. शिबिर बारीक कर."