डंपरशेठ, आपलं वजनच तेवढं!

माननीय डंपरशेठ यांस,


आपल्या क्रशरवरची खडी आमच्या गावच्या रस्त्यानं जाते, हे आमचं भाग्य. एरवी त्या रस्त्याला कोण विचारत होतं? एक एसटी, दुधाची गाडी, दोन-चार ट्रॅक्टर. दहा वर्षं टिकेल अशा हिशेबानं बांधलेला रस्ता आपण दोन पावसाळ्यांत कारणी लावलात.

रस्ता कधी आणि कसा खराब होतो, हे शोधायला अमेरिकेनं केवढा खटाटोप केला! १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधले आणि लष्कराच्या जवानांकरवी त्यांवर जवळजवळ अहोरात्र ट्रक फिरवले. निष्कर्ष असा की, चाकांच्या आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळापट होतं, म्हणजे भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. आपण तोच प्रयोग आमच्या दारात आणलात, तोही विनानिविदा.

आकडेमोड करताना तर ऊर भरून येतो. छोट्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन भार असतो. आपल्या आसावर सोळा टन धरू. भार बत्तीसपट, आणि बत्तीसचा चौथा घात दहा लाखांवर जातो! म्हणजे आपला एक आस गेला की मोटारींचे दहा लाख आस जाऊन आले. अख्ख्या तालुक्यात एवढ्या मोटारी नाहीत. ती उणीव आपण एकाच खेपेत भरून काढता.

सरकारनंही आपलं मन राखलं. चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. पण दात्याचा हात असा मोजून थोडाच थांबतो? जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, असा कायदा आहे म्हणे. तो बिचारा रात्री लवकर झोपतो आणि आपण नेमके रात्री निघता.

आपला विनय तर काय सांगावा! वजनकाट्याच्या पावतीवर आपण कायम नियमात असता.

आम्हा अडाण्यांचं शिक्षणही आपणच केलंत. डांबराच्या थराला तळातून भेग जाते, ती वर येते, मगरीच्या पाठीसारखी जाळी पसरते, पाणी आत मुरतं, खालची खडी सुटते आणि खड्डा पडतो. हा दहा वर्षांचा अभ्यासक्रम आपण झटपट उरकलात.

एवढं करून श्रेयाची हाव नाही! गाव म्हणतं, ठेकेदारानं डांबर खाल्लं. कुणी म्हणतं, इंजिनिअरचा अंदाज चुकला. अंदाज चुकला नव्हता हो. त्यात आपली गाडी पावतीतल्या वजनाची धरली होती. आपलं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही.

आता खड्डे बुजवायचं मंजूर झालंय. त्याला लागणारी खडीही आपलीच, येणारही त्याच रस्त्यानं. गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवावं ते आपणच.

एकच विनंती. उद्या रस्ता नव्यानं करायचं ठरलं, की आधी आसांचं वजन मोजायला माणसं येतील. त्या दिवशी गाड्या गॅरेजला लावू नका, की अर्ध्या भरून पाठवू नका. रोजच्या थाटात, शीग लावून या. आमच्यासाठी नाही तर नाही, निदान आपल्या वजनाला साजेसा रस्ता तरी होऊ द्या. फरकाचे पैसे आमच्याच करातून जातील, आपण तोशीस घेऊ नये.

आपला कृपाभिलाषी,
रोड टॅक्स आगाऊ भरलेला एक दुचाकीस्वार