अंगावर दुकानाची पाटी!

ऐकलंत का? अहो, रशियात लोकांनी पिझ्झ्यासाठी अंग गोंदवून घेतलं! गोष्ट 2018 ची, पण आजही सांगताना तोंडाला पाणी सुटतं.

डोमिनोजच्या तिथल्या मंडळींनी ऑगस्टअखेर दवंडी पिटली: आमचा लोगो दिसेल अशा जागी गोंदवा, फोटो टाका आणि वर्षाला 100 पिझ्झे याप्रमाणे 100 वर्षं फुकट खा. पिझ्झे खाऊन शंभरी गाठायची जबाबदारी अर्थात ज्याची त्याची.

योजना दोन महिने चालायची होती, पण पाचव्या दिवशी गाशा गुंडाळावा लागला! पोटऱ्या, दंड, मनगटं, नुसता फोटोंचा पाऊस. घाबरून कंपनीने 350 जणांवर यादी थांबवली. त्यातही तातडीची सूचना काढली, की जे आत्ता गोंदवणाऱ्याच्या खुर्चीत आहेत त्यांनी दुपारपर्यंत फोटो पाठवावेत, त्यांना घेऊ. बाकीच्यांनी ठरवलेल्या वेळा रद्द कराव्यात. आता डोळ्यांसमोर आणा तो खुर्चीतला गडी. पोटरीवर सुई चालू, लाल रंग भरून झालाय, निळा बाकी आहे, आणि एक डोळा घड्याळावर!

आता कंपनीच्या बाजूने हिशेब मांडू. 350 जणांचे वर्षाला 35,000 पिझ्झे, शंभर वर्षांचे 35 लाख. कुणाचंही धाबं दणाणेल.

पण एवढ्यात नाकं मुरडू नका. माझ्या मते कंपन्यांचे लोगो गोंदवणाऱ्या सगळ्या वेड्यांत हेच जरा शहाणे. निदान मोबदला ठरवून घेतला. अमेरिकेत यूटामधल्या एका बाईने 2005 साली 10,000 डॉलर घेऊन एका ऑनलाइन कॅसिनोचा पत्ता चक्क कपाळावर गोंदवला. अगंबाई, कपाळावर! जिथे आपण कुंकू लावतो तिथे जुगाराचा अड्डा! पैसे लेकाच्या शिक्षणासाठी हवे होते म्हणे, मग बोलणारे आपण कोण? 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या एका घरदलाली कंपनीने लोगो गोंदवणाऱ्या नोकरांना 15 टक्के वाढीव कमाई देऊ केली, तर तिथेही रांग लागली.

खरे धन्य ते, जे पदरचे पैसे मोजून कंपनीची जाहिरात करतात. हार्ले मोटरसायकलवाल्यांना मी सोडून देते, त्यांचं ते गणगोतच असतं. पण नाइकीची ती बाकदार खूण? 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ती काढून दिली, तेव्हा तिला 35 डॉलर मिळाले. (पुढे कंपनीने तिला शेअर दिले, हे खरं.) आज तीच खूण घोट्यावर काढून घ्यायला भक्त त्याहून जास्त मोजतो, आणि बूट विकत घ्यावे लागतात ते वेगळेच!

आमच्या आज्यांच्या हातांवरही गोंदण होतं की. तुळस, विंचू, कुणाच्या मनगटावर कृष्ण. मेल्यावर सोबत येणारा एवढा एकच दागिना, असं त्या म्हणायच्या. पण तुळस नाव बदलत नाही आणि विंचू दिवाळखोरीचा अर्ज करत नाही. रशियातला डोमिनोजचा कारभार पाहणाऱ्या कंपनीने मात्र 2023 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या धंद्याची दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मालकांनी दुकानं घेतली आणि पाटी थोडी फिरवून ‘डोमिनो पिझ्झा’ केली. पोटरीवरची पाटी कोण फिरवणार?

तेव्हा घरात कुणी असलं काही मनात धरून बसलं असेल, तर ओरडू नका. त्याला आधी लेझरने गोंदण काढणाऱ्या डॉक्टरांकडे भाव विचारायला पाठवा. एका फेरीत काम होत नाही, दोन फेऱ्यांच्या मध्ये काही आठवडे जावे लागतात, आणि दुखतं ते गोंदवण्यापेक्षा कमी नाही.