निर्वेध, निजोखमी आणि निर्धास्त

तमाम लोकांना उद्देशून लिहिणारे लेखक मराठीत आता फार थोडे उरले आहेत आणि ते सगळे वकील आहेत. जाहीर नोटीस हा त्यांचा साहित्यप्रकार. बहुधा याच पानावर, या सदराच्या खाली, भिंग घेऊन वाचावी लागेल अशा टाइपात ती छापलेली असेल. अमुक गावची गट नंबर तमुक ही मिळकत आमचे अशील कायम खरेदी करीत आहेत, मिळकत निर्वेध व निजोखमी असल्याचा भरवसा मालकांनी दिला आहे, तरी कोणाचा गहाण, दान, दावा, पोटगी, वारसा, वहिवाट असा कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास तसा हक्क नाही, व असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.

समजणार कोण, हे नोटिशीत नसतं. सुरतेला नोकरी करणाऱ्या चुलतभावाचा वडिलोपार्जित हिस्सा त्याने पुण्याचा पेपर वाचला नाही म्हणून संपत नाही. नोटिशीचा उपयोग एवढाच, की पुढे कोर्टात खरेदीदाराला ‘आम्ही विचारलं होतं’ असं म्हणता येतं. आणि विचारलेलं कोणाला ऐकू जाऊ नये, याचीही काळजी घेतलेली असते. त्या तालुक्यात ज्या दैनिकाचा अंक जात नाही, त्याच दैनिकात ती देण्याचा रिवाज आहे.

एरवी जमीन घेणारा मराठी माणूस काही कमी चौकस नसतो. पाणाड्याला बोलावून त्याच्या हातावर नारळ उभा राहतो का ते पाहतो. वास्तुशास्त्रवाल्याला ईशान्य कोपरा दाखवतो. डोंगर कोणत्या खिडकीतून दिसेल, याचा आराखडा काढतो. सातबारा मात्र त्याने पाहिलेला असतो तो एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत, आणि त्या फोटोत एजंटचा अंगठा नेमका ‘इतर अधिकार’ या रकान्यावर आलेला असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. चाळीस लाखांच्या सौद्यात आमचे साहेब हे 15 रुपये वाचवतात.

त्या अंगठ्याखाली काय काय नांदत असतं म्हणता! विकास सोसायटीचा बोजा असतो, विहिरीत भावकीचा चौथा हिस्सा असतो. कुळाचं नाव असतं, किंवा कुळकायद्याच्या कलम 43 ला अधीन असल्याचा शेरा असतो. म्हणजे कुळाला कायद्याने मिळालेली ती जमीन विकायला अटी असतात. (कसेल त्याची जमीन करणारा कृषक दिन 1 एप्रिल 1957 हा होता. तारखेवर मी काही बोलत नाही.) कुठे ‘नवीन शर्त’ लिहिलेलं असतं, कुठे भोगवटादार वर्ग 2. साहेबांनी चुकून विचारलंच, तर एजंटचं उत्तर ठरलेलं असतं, ‘ते जुनं आहे साहेब, निघून जाईल.’ ते आजोबांच्या वेळीही जुनंच होतं.

नावांशेजारी गोल काढून त्यात आकडे लिहिलेले असतात. ते फेरफारांचे नंबर. जमीन या हातातून त्या हातात कशी गेली, कोण मेलं, कोण वारस लागलं, कोणाचं नाव कमी झालं आणि का, ही सगळी कादंबरी गाव नमुना 6 मध्ये त्या आकड्यांखाली सापडते. वकील तीस वर्षांचा शोध घेतो, सूची क्रमांक 2 चाळतो आणि सर्च रिपोर्ट देतो. त्यात ‘आमच्यासमोर ठेवलेल्या कागदपत्रांवरून’ अशी नम्र सुरुवात असते. समोर काय ठेवायचं, हे अर्थातच विकणारा ठरवतो. आणखी मागे जायचं म्हटलं तर कागद मोडीत निघतात, आणि मोडी वाचणारा शोधणं हे मालक शोधण्याहून अवघड आहे.

पण खरी गंमत वारसांच्या यादीत. वडील वारले की गावात चौकशी होते, दोन भाऊ लागतात, बहिणी ‘दिल्या घरी सुखी’ असतात म्हणून लागत नाहीत. लागल्याच तर रक्षाबंधनाच्या सुमारास त्यांना माहेरी बोलावून, पुरणपोळी वाढून, दुपारी तहसीलच्या गावी फिरवून आणतात. येताना हक्कसोडपत्र झालेलं असतं आणि पिशवीत साडी असते. एकराचा भाव विचारात घेतला, तर इतकी महाग साडी पैठणला कोणी विणली नसेल. 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला. मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे, आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं. तेव्हापासून ज्या बहिणींची सही घ्यायची राहिली, त्यांच्याविषयी भावांना एकाएकी माया वाटू लागली आहे. आणि जिथे प्लॉट पडले, कुंपण झालं, बंगल्याचा स्लॅब पडला, तिथे एखाद्या सकाळी आत्याबाई नातवाला घेऊन येतात. नातू वकील असतो. स्लॅब पडेपर्यंत थांबण्याची अक्कल त्याचीच.

बहीण निदान बोलते तरी. देवस्थान इनामात मालक असतो देव, आणि कायदा देवाला सदैव अल्पवयीन धरतो. त्याच्या वतीने वहिवाट पाहणारे मात्र पुरेसे सज्ञान असतात. त्यांच्याकडून जमीन घेणारा भाविक खरेदीआधी त्याच देवाला अभिषेक घालतो.

शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, ही कुळकायद्याच्या कलम 63 ची अडचण एजंटांनी फार पूर्वी सोडवली आहे. साहेबांचे पूर्वज कुठल्या तरी दूरच्या तालुक्यात शेतकरी निघतात. तुकडेबंदीचंही तसंच. ठरलेल्या क्षेत्राखालचा तुकडा वेगळा करून विकता येत नाही ना? मग दहा अनोळखी माणसं एका सातबाऱ्यावर सामाईक मालक होतात. ‘आपलं घर’ म्हणून घेतलेली जागा कुठून सुरू होते, हे चुन्याच्या फक्कीवरून ठरतं आणि पहिल्या पावसात ती वाहून गेली की दहाही जण रस्त्याकडेच्या तुकड्याचे मालक होतात.

इतकं सगळं पाहून एखादा भाबडा विचारेल, की सरकारी नोंद आहे, सरकारी शिक्का आहे, मग सरकार सांगेल ना मालक कोण ते. विचारून पाहावं. दुय्यम निबंधक सांगतात, आम्ही दस्त नोंदवतो, सही करणारा तोच आहे की नाही एवढं पाहतो, जमीन त्याची आहे का, हा आमचा विषय नाही. हे खरंच आहे. 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही, मालकी तपासण्याचा अधिकार निबंधकाला नाही, असंच म्हटलं. तलाठी (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, त्यांच्या नावाचा फेरफार विनातक्रार मंजूर झाला) सांगतात, आमची नोंद महसूल वसुलीसाठी, महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी. आणि दिवाणी न्यायाधीश सांगतात, सातबारा हा काही मालकीचा पुरावा नव्हे, साक्षीदार आणा. तिघेही आपापल्या जागी अचूक बोलतात आणि मधल्या मोकळ्या जागेत साहेबांचा प्लॉट असतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने कायदा आणला, की सरकारी वहीत नाव ज्याचं तो मालक, आणि यात चूक झाली तर भरपाई सरकार देईल. आपणही 2008 पासून भूमी अभिलेख आधुनिक करतो आहोत, शेवटी मालकीची हमी द्यायची या उद्दिष्टाने. संगणक आले, उपग्रहाची छायाचित्रं आली, सातबाऱ्यावर क्यूआर कोड आला. हमी अजून वाटेत आहे. जमीन कोणाची, हे तीन खात्यांना मिळून सांगता येत नाही. तिची किंमत किती धरायची, हे मात्र वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात मूल्यविभागवार छापलेलं असतं आणि त्यावर मुद्रांक शुल्क आगाऊ भरावं लागतं.

साहेब ते भरतात. अंगठा उठतो, फोटो निघतो, दस्ताला नंबर पडतो. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर ते एजंटला हळूच विचारतात, ‘भाऊ, पुढे-मागे काही निघालं तर?’

भाऊ ग्लास खाली ठेवतो, खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘साहेब, मी आहे ना.’

अख्ख्या व्यवहारात खात्री देणारा हा एकटा माणूस, आणि तोही दोन टक्क्यांत.